प्रभाताईंची ब्लाइंड

त्या रविवारी जेवता जेवताच हृषिकेशने सांगून टाकलं की, आज पोकरमध्ये समोर कोणीही बसो, जिंकणार तोच. आणि तेही नशिबाने नाही, हिशेबाने. स्टुटगार्टात आठ वर्षं त्याने गिअरबॉक्सची थरथर मोजली होती. लोखंडाची थरथर ज्याला कळते, त्याला माणसाची कळणार नाही होय? शिवाय पोकरवरचं एक जाडजूड पुस्तक त्याने महिनाभर पेन्सिल घेऊन वाचलं होतं.

पैसे कोणी लावणार नव्हतं. पणाला होता जिना.

त्या गावात इमारतीतली घरं आळीपाळीने आठवडाभर जिना झाडतात, पुसतात आणि थंडीत फुटपाथवरचा बर्फ सकाळी सातच्या आत उपसतात. याला केरवोखे म्हणतात. जर्मन शब्दात आपला केर ऐकून हृषिकेशच्या सासूबाई, प्रभाताई, आल्या दिवशीच खूश झाल्या होत्या. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते, आणि ती लटकली की ताप आला तरी सुटका नाही. या मजल्यावर पाळ्या दोनच घरांच्या. एक हृषिकेश आणि निशिगंधाची, दुसरी समोरच्या एकट्या कपिलची. ठरलं असं की जो जिंकेल तो हिवाळाभर मोकळा, आणि दोन्ही घरांच्या पाळ्या कोणी करायच्या, तेही त्यानेच सांगायचं. हृषिकेशने मनातल्या मनात कपिलला फावडं देऊनही टाकलं होतं.

प्रभाताई खिडकीशी मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, मलाही वाटा पानं, मिरजेला दिवाळीत आम्ही तीन पत्ती खेळतोच की. हृषिकेशला बरंच वाटलं. गिऱ्हाईक एकाने वाढलं. त्याने समजावलं की, प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि मधे पाच उघडी, ती सगळ्यांची.

"सगळ्यांची? म्हणजे एकत्र कुटुंब," प्रभाताई म्हणाल्या. "चालेल."

चिप्सच्या जागी राजमा आला. प्रत्येकाला शंभर दाणे.

पहिल्याच डावात प्रभाताईंनी वीस दाणे पुढे सारले. बाकीच्यांनी पानं टाकली. सगळे पॅक. दुसऱ्या डावात तीस. सगळे पॅक. तिसऱ्यात निशिगंधाने धीर करून बघितलं, तर आईकडे नव्वीची जोडी निघाली. चौथ्यात कपिलने बघितलं, तर काहीच नव्हतं. पन्नास दाणे कपिलला देऊन प्रभाताई अशा हसल्या, जणू त्याला हळदीकुंकवाचं वाण दिलं. आणि पुढच्या डावात पुन्हा चाळीस.

फुगडी खेळणारी बाई एकदा गिरकीत शिरली की समोरचीने पाय सांभाळायचे, एवढंच तिच्या हाती उरतं. प्रभाताईंची गिरकी तशी होती. बांगड्या किणकिणत, दाणे सळसळत, आणि प्रत्येक चालीला एक लाडिक टोमणा. "काय कपिल, पॅक? एवढा उंचापुरा मुलगा तू." तासाभरात कपिलच्या ताटलीत राजमाचं सालसुद्धा उरलं नाही. निशिगंधा त्याआधीच उठून चहा ठेवायला गेली होती. जाताना आईच्या खांद्यावर हात ठेवून गेली, हे हृषिकेशने बघितलं, पण त्याचा अर्थ लावायला त्याला सवड नव्हती.

तो वाट बघत होता. पुस्तकात लिहिलंच होतं, जो कशावरही लावतो आणि सारखा लावतो, त्याच्याशी झुंजू नये. गप्प बसावं, चांगली पानं येऊ द्यावीत, आणि त्याला आपल्या पायांनी चालत येऊ द्यावं. नजर मात्र त्याच्या डोळ्यांवरून हलू देऊ नये. म्हणून हृषिकेश दीड तास सासूबाईंच्या डोळ्यांत बघत बसला. लग्नाच्या बोलणीतसुद्धा त्याने एवढं बघितलं नव्हतं. त्या डोळ्यांत भीती नव्हती, हाव नव्हती. होतं ते मिरजेच्या घरासमोरच्या विहिरीसारखं, निवांत आणि खोल. त्याला वाटलं, या बाई गिअरबॉक्स असत्या तर आपण सगळी यंत्रं बंद करून नुसता नमस्कार केला असता.

आणि मग त्याला दोन एक्के आले.

त्याने चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा ठेवला. प्रभाताईंनी वीस सारले. त्याने तेवढेच टाकले, हळूच, नाइलाज असल्यासारखे. मधे राजा, सत्ती आणि चौकी उघडली. प्रभाताईंनी दाण्यांचा ढीग मोजलाच नाही, दोन्ही तळव्यांनी अख्खा पुढे लोटला, परातीतलं पीठ लोटावं तसा.

"बघा जावईबापू. जमतंय का?"

हृषिकेशने श्वास घेतला आणि उरलेला सगळा राजमा पुढे केला. एक्के सगळ्यांपुढे उघडे करून ठेवले. कपिलने कपाळावर हात मारला. संपलं, उद्यापासून फावडं. चहा ठेवून परत आलेल्या निशिगंधाने चौथं पान उघडलं, दश्शी. पाचवं उघडलं, दुर्री.

प्रभाताईंनी चष्म्याचं घर उचललं. त्याखाली त्यांची दोन पानं पालथी पडून होती. त्यांनी चष्मा चढवला आणि पानं पहिल्यांदाच डोळ्यांपुढे धरली.

"सत्ती. आणि ही दुर्री. होतं का काही याचं?"

दोन जोड्या होत होत्या, एक्क्यांच्या एका जोडीला भारी.

"आई," हृषिकेश म्हणाला, "तुम्ही पानं बघितलीच नव्हती?"

"अहो, ब्लाइंड खेळत होते. बघितली की भीती वाटते."

दीड तास त्याने डोळे वाचले होते. हातांकडे एकदा बघायचं राहून गेलं होतं. पण राग येईना. असं बेदरकार, असं राजेशाही खेळताना त्याने कोणाला बघितलं नव्हतं. त्याने उठून सासूबाईंना खराखुरा वाकून नमस्कार केला.

"असू दे," त्या म्हणाल्या. मग निकाल दिला. कपिल आपली पाळी आपण करतो, तो सुटला. निशी दोन हिवाळे पहाटे साडेपाचला खाली उतरतेय, तीही सुटली. "पाळी दोघांची, आणि थंडीने अंगठे मात्र तिचेच फुटलेले. मी आल्यापासून बघतेय. तेव्हा दोन्ही घरांचं आता तुम्ही."

निशिगंधा किटलीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते, हसण्याने की कशाने, ते कळलं नाही. हृषिकेशने मान डोलावली. मग त्याने विचारलं की, आई, सगळं एका फटक्यात लावायला इतकं काळीज कुठून आणलंत? हरला असतात तर?

"हरले असते तर काय?" प्रभाताई राजमा डब्यात भरत म्हणाल्या. "मंगळवारी माझं विमान आहे. झाडायला मी इथे असणार होते होय?"

तिकीट हृषिकेशनेच काढलं होतं. सीटसुद्धा त्यानेच निवडून दिली होती. खिडकीची.