सत्तरला सत्तर

सलग सहाव्या महिन्यात दोन्ही डिशमधली सत्तर-सत्तर टक्केच बीजांडं पिकली, तेव्हा सरांनी दोष लेझरला दिला नाही, तिच्या हाताला दिला.

प्रयोग तसा सोपा होता. गाईची कच्ची बीजांडं दोन डिशमध्ये ठेवायची, एकीवर मंद लाल लेझर अर्धा मिनिट सोडायचा, दुसरीवर नाही आणि दुसऱ्या दिवशी कुठली जास्त पिकली ते मोजायचं. गेल्या वर्षी तिच्या पीएचडीच्या सीनियरला याच लेझरच्या डिशमध्ये वीस टक्के जास्त मिळाली होती. तो पदवी घेऊन गेला, सर परिषदा गाजवून आले. हिला मात्र सत्तरला सत्तर.

“अगं, जरा डोळे उघडे ठेवून मोज,” सर म्हणायचे. म्हणजे किती मोजायचं हे तिला बरोबर कळत होतं, पण ती दिसली तेवढीच लिहीत राहिली. मग सरांनी साफ सांगितलं, की शुक्रवारी समितीला फरक दिसला नाही तर प्रबंधावर त्यांची सही मिळणार नाही. पाच वर्षं पाण्यात जाणार होती. घरी आई विचारत होती, की एवढे शिकलेले लोक असून गाईची अंडी पिकेनात कशी.

शुक्रवारी समितीच्या अध्यक्षबाई आल्या. लेझरपासून डोळे जपणारे हिरवे चष्मे प्रयोगशाळेत दोनच होते आणि चष्म्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, हा सरांचा कडक नियम होता. एक सरांनी चढवला, एक तिने. बाई लांब दाराशी उभ्या राहिल्या. तिने बटण दाबून अर्धा मिनिट मोजला.

“लाल प्रकाश कुठंय?” बाईंनी विचारलं.

“चष्म्यातून तो दिसतच नाही, मॅडम. त्यासाठीच तर चष्मा,” सर कौतुकाने म्हणाले.

“मी चष्मा लावलेला नाही.”

दोघांनी चष्मे काढले. डिशवर लाल ठिपक्याचा पत्ता नव्हता. सरांनी बटण तीनदा दाबलं, दर वेळी जास्त रागाने. मागचं झाकण उघडलं तर सेलची जागा रिकामी होती आणि आत कोळ्याने संसार थाटला होता.

कोपऱ्यात डिश धुणाऱ्या काकांनी मान वर केली. “ते सेल तुम्हीच नेलेत ना सर, भाषणाच्या पॉइंटरसाठी. तीन वर्षं झाली.”

बाईंनी तिची वही मागून घेतली आणि सहा महिन्यांचे सत्तर-सत्तर शांतपणे वाचले. लेझरच लागला नाही तर फरक कुठून पडणार, हे अख्ख्या विभागात त्या वहीलाच काय ते ठाऊक होतं. तिला हसू आलं आणि रडूही.

“मी पहिल्यापासून म्हणतोय,” सर म्हणाले, “मुलीचा हात अचूक आहे.”

“दिसतंय. हिला मुदतवाढ द्या, आणि सेल,” बाई वहीवर सही करत म्हणाल्या. पेन मात्र त्यांनी बंद केलं नाही. “आता मला सांगा, गेल्या वर्षीचे ते वीस टक्के कुठल्या उजेडात मोजले होते?”

सरांनी हळूच चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.