दुसऱ्या स्क्रीनवरची कुसुम

आमचे धोटे सर दारातून आत आले की आधी स्वतःचं नाव सांगत. पाणी प्यायला बाहेर जाऊन परत आले, तरी पुन्हा, "मी धोटे. पाणी पिऊन आलो." वर्ध्याच्या त्या खोलीत आम्ही तिघंच मोबाइलचे प्रोग्राम लिहीत बसायचो, नाव विसरायला माणसं होती कुठे? पण सरांचा सिद्धांतच होता, "स्क्रीन बदलली का मागचं सारं साफ. पुढच्या स्क्रीनले हातात द्या लागते बाप्पा!"

बटणांच्या फोनचा तो काळ. तळेगावच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्यासाठी सर प्रोग्राम करत होते. पहिल्या स्क्रीनवर शेतकऱ्याचं नाव आणि गाव टाकायचं, दुसरीवर ते आपोआप यायचं, खाली संत्र्याच्या पेट्या भरायच्या. बस्स. जगाला सिद्धांत शिकवणाऱ्या या गृहस्थांना नाव पुढे पोचवायचं एका ओळीचं काम तीन आठवडे जमत नव्हतं.

एक दिवस व्यापारी स्वतःच बघायला आला. त्याने 'रमेश, तळेगाव' लिहून बटण दाबलं. पुढे आलं, 'कुसुम, कारंजा'. मग 'सुरेश, आष्टी' टाकलं. पुन्हा कुसुम!

"हे कुसुम कोन होय जी? माह्या साऱ्या पेट्या हिच्याच नावानं जाऊन राह्यल्या!"

नाव पुढे पोचलं नाही तर जागा रिकामी दिसू नये, म्हणून चाचणीपुरतं एखादं नाव घालून ठेवतात. ते सरांनी काढलंच नव्हतं.

"सोमवारपर्यंत करा, नाई तं मी दुसरा पाहतो," असं बजावून व्यापारी गेला.

मी मग सरांची यथेच्छ टर उडवली. "कोण हो ही? साधं अबक लिहिता येत नव्हतं?"

"बायको," सर म्हणाले. "दोन वर्सं झाले, माहेरी हाये, कारंज्याले. येत नाई म्हन्ते."

मला स्वतःची लाज वाटली.

सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि पाच मिनिटांत ती ओळ लिहून टाकली. मी 'रमेश' टाकून बटण दाबलं. दुसऱ्या स्क्रीनवर रमेशच आला! मी टाळी वाजवली. सरांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि दोन-तीनदा मागेपुढे करून पाहिला.

"झालं ना सर?"

"झालं," ते म्हणाले. "दिवसातून चाळीस खेप दिसत होती. आता नाई दिसनार."