बी विंगमधला लक्षणीय फरक

भूत आहे की नाही, ते मला ठाऊक नाही; पण दोन विंगपैकी कुठल्या विंगमध्ये ते जास्त आहे, हे मी आकड्यांनी सिद्ध करून दाखवीन!

हे वाक्य मी सोसायटीच्या सभेत, चक्क उभा राहून म्हणालो. जन्मभर आकडेवारीच्या सरकारी कचेरीत मान खाली घालून काम केलेला माणूस मी. ए विंगमधल्या माझ्या घरी पुस्तकं आणि बायको सरोजिनी, दोघांपुढेही गप्पच असतो. पण त्या दिवशी करुणाचा चेहरा बघवेना.

करुणा बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते, लहान मुलांना गणित शिकवते. आमची सोसायटी चिकलठाण्याला, विमानतळाच्या मागच्या अंगाला. इथल्या मे महिन्याच्या दुपारी म्हणजे कूलरची घरघर आणि रिकामे जिने. अशाच एका दुपारी बी विंगच्याच तळमजल्यावरच्या केसरबाईंना बंद फ्लॅटमधून टकटक ऐकू आली. दोन दिवसांत टकटकीचं भूत झालं आणि करुणाकडे येणारी मुलं निम्म्यावर आली.

"काका, क्लास बंद पडला तर मला अजिंठ्याला भावाच्या दारात जाऊन बसावं लागेल," ती म्हणाली. "काहीतरी करा ना!"

मी काय करणार? पाहणी! दोन्ही विंगमधली काही घरं निवडली आणि एकच प्रश्न विचारला: गेल्या आठवड्यात कारण न कळलेला आवाज आला का? ए विंगमध्ये वीस टक्के 'हो' म्हणाले, बी विंगमध्ये तीस टक्के.

"बघा, फरक हाय!" सेक्रेटरी बद्रीनाथ मांडी थोपटून ओरडला.

"फरक दिसतो, पण लक्षणीय नाही," मी म्हणालो. "थोडीच घरं विचारली की एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो. उद्या दुसरी घरं निवडली तर उलटंही दिसेल."

करुणा हसली. मला भलताच आनंद झाला.

"थोडीच घरं ना?" बद्रीनाथ म्हणाला. "मग समदी विचारा की काका! लगेच कळंल योगायोग हाय का दुसरं काय ते. भूत निघालं तर सोसायटीत क्लास नको. पोरांची जबाबदारी कोण घेणार?"

झालं! निघालो मी पुन्हा, रोज दुपारी.

आता माझी एक सवय सांगतो. मला कुणाच्या दाराची बेल दाबवत नाही. माणसं झोपली असतील, वैतागतील, असं वाटतं. म्हणून मी आधी दाराशी उभा राहतो. आत कुणी जागं आहे का, ते कान देऊन ऐकतो. हातातले कागद उगीच पुढेमागे करतो. थोडं खाकरतो. धीर झाला तर बेल, नाही तर चपलांचा आवाज न करता परत. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच!

बी विंगची हवा मला दिवसेंदिवस बिघडत चाललेली दिसली. दारं बंद, खिडक्या बंद, पायऱ्यांवर लिंबू-मिरच्या. माणसं दाराच्या फटीतून उत्तरं देत. "कुणीतरी येतं, काका. उभं राहतं. श्वास ऐकू येतो. दार उघडलं की कुणी नाय!" मीही घाबरून मागं बघे आणि 'हो' लिहून घेई.

एका दुपारी करुणाच्या दाराशी उभा होतो. आत अगदी शांत. मी दाराला कान लावला, आणि माझ्या अंगावर काटा आला. दाराच्या पलीकडे, अगदी माझ्या कानापाशी, कुणीतरी श्वास घेत होतं! मी श्वास रोखला. तिकडचा श्वासही थांबला. मी एक पाऊल मागं सरकलो. आत बांगडी किणकिणली. मी खाकरलो, तर आतून असा हुंकार आला की मी तीन मजले कसा उतरलो, ते माझ्या गुडघ्यांना विचारा!

संध्याकाळी करुणा रडकुंडीला येऊन सांगू लागली, "काका, आज ते माझ्या दाराशी आलं होतं! खाकरलं सुद्धा!"

"मलाही तिथंच जाणवलं," मी कापऱ्या आवाजात म्हणालो, आणि तिच्या नावापुढे 'हो' लिहिलं.

निकाल आला. ए विंग होती तिथंच, वीस टक्के. बी विंग बासष्ट! गणित तीनदा तपासलं. एवढा फरक योगायोगानं पडणं जवळजवळ अशक्य. मला खोटं बोलता येत नाही. सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, "फरक लक्षणीय आहे." करुणा उठून गेली.

दुसऱ्या दुपारी तिची माफी मागायला गेलो. तिच्या दाराशी उभा राहिलो. खाकरलो. बेलकडे बोट नेलं, मागं घेतलं. एवढ्यात दार धाडकन उघडलं! समोर लाटणं उगारलेल्या केसरबाई, मागं झाडू घेतलेला बद्रीनाथ आणि त्याच्याही मागं करुणा.

"धरा! सोडू नका!" केसरबाई ओरडल्या आणि थबकल्या. "आगं माय! हे तर काका हायेत!"

"काका," बद्रीनाथनं झाडू हळूच खाली केला, "रोज दुपारी दारात उभं राहून खाकरायचे ते तुमीच का?"

"मी... म्हणजे... बेल दाबण्याआधी थोडं..."

"थोडं?" केसरबाई कडाडल्या. "लई दिसांपासून म्या दाराला मीठ ओवाळतेय! बंद फ्लॅटात निस्ती कबुतरं निघाली, अन् भूत निघालं पेन्शनवालं!"

करुणा आधी रडली, मग हसत सुटली. मुलं परत आली. शिक्षा म्हणून काल अख्खी दुपार मी तिच्या क्लासमध्ये बसून मुलांना सरासरी शिकवली.

एकच गोष्ट डोक्यात राहिली होती. दारात तर मी ए विंगमध्येही तस्साच उभा राहिलो होतो, मग तिथं वीसच टक्के कसे? आज जेवताना सरोजिनीला विचारलं.

"त्यात काय?" ती पोळी वाढत म्हणाली. "इथं सगळे तुम्हाला ओळखतात. खाकरणं ऐकलं की म्हणतात, कुलकर्णी आले, येतील आत धीर झाल्यावर. कारण ठाऊक असल्यावर 'हो' कोण म्हणेल? मी तरी कुठं म्हटलं? आपल्याच दाराशी तुम्ही असे उभे राहता! काल दुपारी तर केवढा वेळ होतात! कागद काय चाळत होतात, खाकरत काय होतात. मी म्हटलं, येतील."

घास हातातच राहिला. काल दुपारी? तेव्हा तर मी क्लासमध्ये होतो!

एका घराच्या एका उत्तरावरून कुठलाच निष्कर्ष काढता येत नाही, हे मी नव्या कारकुनांना वर्षानुवर्षं बजावलं आहे. तेच आता स्वतःला बजावतो आहे. दाराला आतून कडी घालून!