दौलतची शीळ

माणूस मेला, तर त्यानं तारण ठेवलेली शीळ कुणाची, हे गेनूला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

नांदखेडात वचन दिलं की अंगातलं काहीतरी बरणीत घालून कचेरीत तारण ठेवावं लागे आणि वचन पुरं केलं की ते परत मिळे. सरपंचांनी ओढ्यावर पूल बांधायच्या बोलीवर आपला ढेकर ठेवला होता. तेव्हापासून ते बेतानं जेवत. गेनूच्या थोरल्या भावानं, दौलतनं, तोंडानं वाजवायची शीळ ठेवली होती. शेजारच्या कौशाक्काला सायकल शिकवीन आणि पडू देणार नाही, असं त्याचं वचन होतं. दुसऱ्याच दिवशी तो विहिरीचा गाळ काढायला उतरला आणि वर आला नाही.

रोज पाणंदीच्या वळणावर दौलतची शीळ वाजली की आई तवा चढवायची. दोन्ही लेकरं जेवल्याशिवाय ती घास घेत नसे. आता ती काटवटीत पीठ घेऊन नुसती बसून राही.

गेनू धोंडा घेऊन कचेरीत गेला. "बरणी फोडतो."

"फोड की," कारकून विसपुते चष्मा पुसत म्हणाले. "शीळ एकदाच वाजती. इथं वाजंल. तुझी आई पार वरच्या आळीला."

गेनूनं धोंडा खाली ठेवला. "मग?"

"सख्ख्या भावानं वचन पुरं केलं तर चालतं. पण म्हातारं माणूस हाय, जपून."

जपून काही करणं गेनूला ठाऊक नव्हतं. त्यानं अक्काला सायकलवर बसवलं आणि देवळाच्या उतारावरून ढकलून दिलं. अक्का ओरडत निघाली, सबंध गावाला वळसा घालून आली आणि सरळ उकिरड्यात शिरली.

विसपुत्यांनी दोघांना बोलावून घेतलं. "अक्का, तुम्ही पडला म्हणं."

"पडंल माझी सवत. बसले मी."

"उकिरड्यात?"

"उकिरडा माझा हाय. बसायला तुझी परवानगी काढू?"

अक्काच्या अंबाड्यात कांद्याचं साल होतं. विसपुत्यांनी ते नीट बघितलं. "चाकं वर झाली होती."

"सायकल पडली. सायकलीला कुठं वचन दिलं होतं दौल्यानं?"

विसपुत्यांनी फळीवरून बरणी काढून दिली.

गेनू ती छातीशी धरून पाणंदीच्या वळणावर गेला आणि बरणीच्या तोंडाचं फडकं सोडलं. शीळ वाजली, लांबलचक, शेवटी दौलतच्या तुटक्या दातापाशी जराशी घसरणारी. बाभळीवरचे कावळे उडाले. घराकडून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.

आत दोन पाट मांडलेले होते, दोन ताटं वाढलेली. आईनं गेनूच्या मागं दाराकडं बघितलं आणि दोन्ही ताटांत कालवण वाढलं.

गेनू पोटभर जेवला. मग उठून हात धुतले, दौलतच्या पाटावर जाऊन बसला आणि पुन्हा पहिल्यापासून जेवला.