बकुळाताईंचे जाहीर आभार

लालबागच्या चाळीत तळमजल्यावरच्या खोलीतून आळूवड्या विकणाऱ्या बकुळाताई धुरींना परवाना कचेरीतल्या गौतम जाधवसाहेबांनी आनंदाची बातमी दिली. लहान खाद्यविक्रेत्यांना आता दरवर्षी परवाना नव्याने काढण्यातून सूट मिळाली होती. आजवर ताई चुलीवरची कढई उतरवून कचेरीच्या रांगेत उभ्या राहत. त्यांना एकदम भरून आलं. नुसतं भरून येऊन भागलं असतं, पण त्यांनी नवऱ्याला, म्हणजे सीतारामरावांना, दारात आभाराची पाटी लावायला सांगितली.

सीतारामरावांचं अक्षर सुरेख, अक्कल बेताची. त्यांनी खडूने लिहिलं, 'शासनाकडून आम्हाला सूट मिळाली आहे.'

बघता बघता रांग लागली. प्रत्येकाला आळूवडीवर सूट हवी होती. ताईंनी परोपरीने समजावलं, तर वरच्या मजल्यावरची नूपुर म्हणाली, "म्हणजे सरकार देतं नि मधल्यामध्ये तुम्ही खाताय?" शेवटी अब्रू वाचवायला सगळ्या वड्या निम्म्या भावात गेल्या.

शब्द चुकला, हे सीतारामरावांना पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'सूट' पुसून 'माफी' लिहिलं. गिऱ्हाइकं लांबूनच पाटी वाचून पुढे जाऊ लागली. गुन्हा काय होता आणि वड्या खाऊन कोण कोण आडवं झालं, याचा तपशील संध्याकाळपर्यंत परळला पोचला.

"नुसते आभार माना, बाकी काय लिवू नका," ताई नवऱ्यावर करवादल्या. सीतारामरावांनी थेट फ्लेक्सच छापून आणला. 'शासनाचे जाहीर आभार!' आणि खाली हात जोडलेले दोघांचे फोटो. मग मात्र तोबा गर्दी झाली. कुणी तुंबलेलं गटार सांगायला आलं, कुणी नळाचं पाणी. ताई कुठल्या पक्षातून उभ्या राहतायत, एवढंच सगळ्यांना विचारायचं होतं. विचारता विचारता लोक वड्या उचलत होते. उमेदवाराकडच्या खाण्याचे पैसे कोण देतो?

इतकी वर्षं नियमांनी बुडाला नाही तो धंदा आता आभारांनी बुडायला आला होता. ताईंनी कढई उतरवली आणि कचेरीत फोन लावला. "सायब, तुमची ती सूट परत घेवा."

जाधवसाहेब स्वतः आले. सगळं ऐकून ते हसले नाहीत, हे त्यांचे मोठेच उपकार. फ्लेक्सला परवानगी लागते, एवढं त्यांनी हळूच सांगितलं आणि तो उतरवून घेतला. मग ताईंना कढई तापवायला लावून ते दारातल्या बाकावर, अख्ख्या चाळीला दिसतील असे बसले. गळ्यातलं ओळखपत्र शर्टावर नीट ठेवलं, पैसे आधी दिले आणि सावकाश वड्या खाऊ लागले.

खुद्द परवाना देणारे साहेब खातायत म्हटल्यावर गिऱ्हाइकं एकेक करत बाकाजवळ सरकली. नूपुरही आली, पूर्ण पैसे देऊन दोन पुड्या घेऊन गेली. ताईंना या माणसाचे आभार मानायचे होते. डोळ्यांना पदर लावून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. सीतारामरावांनी खडू उचलला.

"बकुळाताई," साहेब तोंडातला घास कसाबसा गिळत म्हणाले, "आभार मनातल्या मनात माना. त्याला परवानगी लागत नाही."