धाकट्या जावयांचं गिअर ऑइल

"गिअर ऑइलच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये!" धाकटे जावई सासुरवाडीच्या चहाच्या टेबलावर म्हणाले, आणि त्यांनी बिस्किटांची बशी बाजूला सारून टेबलाचा ताबाच घेतला.

पेशानं त्यांचं चष्म्याचं दुकान. तेलाशी संबंध म्हणाल तर डोक्याला लावण्यापुरता! पण कारण तसंच होतं. सासऱ्यांची एक जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नुकतंच सासऱ्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं. गाडी एक आणि जावई दोन! "जो तिला माझ्यासारखं जपेल, त्याला चावी," असं सासऱ्यांनी जाहीर केलं आणि दोन्ही जावयांची झोप उडाली.

"आमचा मेकॅनिक एकाच डब्यातून सगळीकडे ओततो बुवा," थोरले जावई म्हणाले.

"अरेरे!" धाकट्यांनी कपाळावर हात मारला. "साडूभाऊ, हिच्या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या कड्या आहेत. गिअर टाकताना फिरत्या चाकांचा वेग त्याच जुळवून देतात. तिथं सौम्य तेल लागतं, जीएल-फोर! मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलमध्ये मात्र गिअरचे दातावर दात रगडत असतात. तिथं जहाल लागतं, जीएल-फाइव्ह! त्या जहाल तेलातलं गंधक पितळ खातं. दोन्हीकडे एकच तेल ओतणारा माणूस म्हणजे गाडीचा वैरी!"

सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर असं कौतुक लग्नात मुलगी सोपवतानाही दिसलं नव्हतं.

"मग घाला की तुम्हीच," ते म्हणाले. "आजच!"

झालं! धाकट्यांनी बाह्या सरसावल्या. गॅरेजमध्ये गाडीखाली शिरायला एक जुना खड्डा होता, गाडी त्याच्यावरच उभी होती. दोन्ही तेलं महिनाभर शोधून, जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अनोळखी लोकांशी भांडून भांडून निवडलेली. थंडीमुळे ती मधासारखी घट्ट झाली होती. जहाल तेलाची बाटली त्यांनी स्वयंपाकघरात गरम पाण्याच्या पातेल्यात उभी केली, खाली बारीक गॅस ठेवला आणि सासूबाईंना "हात लावू नका हं, आई!" असं बजावून ते खड्ड्यात उतरले.

खालचे दोन्ही बोल्ट झटक्यात सुटले. गिअरबॉक्सचं जुनं तेल खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये भळाभळा गेलं, डिफरन्शियलचं गेलं. वा! धाकटे स्वतःवरच खूश झाले. मग नवं तेल भरायला त्यांनी गिअरबॉक्सचं वरच्या बाजूचं झाकण उघडायला घेतलं.

झाकण हलेना.

त्यांनी पाना लावला, पान्याला पाइप लावला, पाइपाला स्वतः लटकले. झाकणाच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या, पण ते काही सुटायचं नाव घेईना! भरायचं झाकण सुटतंय की नाही हे आधी बघायचं आणि मगच तेल सोडायचं, हे एवढ्या चर्चेत त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. गाडी ठणठणीत कोरडी, आणि तेल घालायला वाट नाही!

तेवढ्यात घरातून सासूबाईंची किंकाळी आली. "गॅस! गॅस गळतोय! सगळे बाहेर व्हा!"

पातेल्यातलं पाणी कधीच आटलं होतं. बाटलीचा तळ वितळून जहाल तेल पातेलंभर पसरलं होतं, आणि त्याचा तो गंधकाचा, नासक्या अंड्याचा वास घरभर सुटला होता. सासूबाईंनी वास घेतला, शेगडी बंद केली, गॅस कंपनीला फोन केला आणि जिन्यात उभं राहून अशी हाक दिली की तिन्ही मजले रिकामे झाले. कुणी दाढीचा फेस घेऊन आलं, कुणी एकच चप्पल घालून. धाकट्यांची बायको बाहेर आली ती डोक्याला केसांचा रंग थापून, वर प्लास्टिकची टोपी घालून!

धाकट्यांनी एक श्वास घेतला आणि ओळखलं. अरे, हा तर आपला जीएल-फाइव्ह! ते सांगायला तोंड उघडणार, तोच गॅसवाला मीटर घेऊन आला.

"हा गॅस जड असतो, खाली साचतो," तो म्हणाला. "आधी तो खड्डा तपासतो. गाडी काढा."

सासऱ्यांनी लगबगीनं खिशातून चावी काढली. "सुरू करून मागे घेतो. तेवढं दिसतं मला!"

धाकट्यांच्या डोळ्यांपुढे कोरडे गिअर करकरले. खरं सांगावं, तर तेल बदलायची शेखी मिरवून गाडी कोरडी केली हे कळणार, आणि चावी साडूच्या खिशात! न सांगावं, तर पितळी कड्यांचा चुरा!

"बाबा, थांबा!" ते गाडीपुढे आडवे झाले. "ठिणगी उडेल! सगळे मरू!"

"साहेब बरोबर बोलतायत," गॅसवाला म्हणाला. "सुरू नका करू. ढकला."

"ढकलायची?" धाकटे आणखी घाबरले. ढकलली की मागची चाकं फिरणार, चाकं फिरली की डिफरन्शियल फिरणार, कोरडं! "ढकलायचीसुद्धा नाही! टायर घासूनही ठिणगी पडते!"

"टायर रबराचे असतात हो," थोरले म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा, साडूभाऊ! इथं जिवाशी गाठ आहे!"

"मग करायचं काय?"

"उचलायची!"

आणि खरंच उचलली हो! थोरले, दाढीवाले, एका चपलेचे, अख्खी इमारत गाडीला चारी बाजूंनी भिडली. "अगं आई गं!" असा थोरल्यांच्या कंबरेचा आवाज सगळ्यांनी ऐकला. टोपीतल्या बायकोनं मधेच विचारलं, "अहो, मी पटकन डोकं धुऊन येऊ का? रंग अर्ध्या तासात काढायचा असतो, कधीचा तास होऊन गेला!"

"वेडी आहेस का? आत जीव जाईल!" धाकटे ओरडले.

गॅसवाला खड्ड्यात उतरला. मीटरचा काटा ढिम्म. तो घरात गेला आणि चिमट्यात पातेलं धरून बाहेर आला. "गॅसबिस काही नाही. हे गिअर ऑइल आहे. आणि खाली ट्रेमध्ये एवढं जुनं तेल पडलंय, म्हणजे गाडीत थेंब नसणार."

सगळी इमारत धाकट्यांकडे बघायला लागली.

"तुम्हाला ठाऊक होतं?" सासऱ्यांनी विचारलं.

धाकट्यांचा धीर सुटला. "होतं, बाबा. वरचं झाकण सुटलंच नाही. सांगायचं धाडस झालं नाही, पण गाडी सुरू होऊ देणंही जमेना. आत कोरड्या पितळी कड्या! मला ते बघवलं नसतं."

सासऱ्यांनी हातातल्या चावीकडे पाहिलं. मग त्यांचे डोळे भरून आले. "अख्खी इमारत रस्त्यावर उभी केलीत, साडूची कंबर मोडलीत, पण माझ्या गाडीचा एक गिअर कोरडा फिरू दिला नाहीत! असं तर मीसुद्धा जपलं नव्हतं हो!" आणि त्यांनी सगळ्यांसमोर चावी धाकट्यांच्या हातात ठेवली. थोरल्यांनी काही बोलायला म्हणून कंबर सरळ केली आणि परत वाकले.

धाकटे तरंगायला लागले! त्यांनी रुबाबात गाडीचं दार उघडलं, शेजारच्या सीटवर हात फिरवला आणि बायकोला म्हणाले, "ये! ही सीट आता कायमची तुझी!"

बायकोनं शांतपणे प्लास्टिकची टोपी काढली. हलके तपकिरी व्हायला निघालेले केस भडक नारिंगी झाले होते. गॅसवालासुद्धा दोन पावलं मागे सरला.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली, आणि थोरल्यांच्या बायकोच्या, म्हणजे आपल्या ताईच्या गाडीत जाऊन बसली.

मेकॅनिकनं नंतर ते झाकण काढून दिलं, दोन्ही तेलं जागच्या जागी गेली, गिअर लोण्यासारखे पडतात. धाकटे रविवारी गाडी काढतात तेव्हा लोक वळून वळून बघतात आणि विचारतात, "शेजारची सीट का रिकामी?" तेव्हा ते तेलाविषयी बोलायला लागतात.