माणसाचा आजार झालेली रोपं

सूनबाई पंधरा दिवसांनी परिषदेहून परतली, बॅग दारातच टाकून बाल्कनीत धावली आणि अशी किंचाळली की आंघोळीला गेलेले सासरे टॉवेलवरच बाहेर आले.

"माझी रोपं! अर्धा ट्रे रिकामा!"

"हात्तिच्या! मला वाटलं चोर शिरला," सासरे म्हणाले. "अगं, तू गेलीस त्याच दिवशी विरळणी केली मी. पिवळी, मरतुकडी तेवढी उपटून टाकली. उभा जन्म रोपवाटिका चालवली, रोगट रोप डोळ्यांदेखत कसं ठेवू?"

"बाबा, ती पिवळीच हवी होती हो मला! प्रयोगशाळेतला एसी बिघडला म्हणून घरी आणली होती. माणसाचा आजार आहे त्यांना!"

सासऱ्यांचा टॉवेल सुटता सुटता राहिला. "माणसाचा? आणि मी उघड्या हातांनी..."

ते बेसिनकडे पळाले. साबण अर्धा झिजला तरी हात चोळणं थांबेना.

"अहो, आनुवंशिक आहे तो! लागत नाही, आईबापाकडून येतो," सूनबाई मागून ओरडत होती. "पोटात तांबं जातं, पण शरीरात हवं तिथं पोचत नाही. रोपांच्या जनुकातही अगदी तोच बिघाड सापडतो. माणसांवर प्रयोग कसे करणार? म्हणून रोपांवर करतो."

"बापाकडून येतो होय?" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तरीच तुझा नवरा न विचारता सगळ्यात हात घालतो."

सूनबाईला हसू येईना. तिची तीन वर्षं त्या पिवळ्या पानांत होती. बी संपलेलं, आणि पुढच्या आठवड्यात तिच्या मार्गदर्शक बाई रोपं बघायला यायच्या होत्या. पीएचडी कचऱ्याच्या गाडीतून गेली की हो! तिला रडूच कोसळलं.

"अगं वेडे, रडतेस काय?" सासूबाई बाहेर येत म्हणाल्या. " केरातून उचलली मी ती. जीव आहे तो, असा टाकवतो का? खिडकीत लावलीत बघ, कान तुटलेल्या कपांत."

सूनबाईने सासूबाईंना कडकडून मिठी मारली, खिडकीशी धावली आणि मटकन खाली बसली. कपांतली रोपं हिरवीगार होती.

"ही नव्हेत ती!"

"तीच. बरी झाली."

"बरी? आई, काय घातलंत यांना?"

"काय घालणार? पाणी. माझ्या तांब्याच्या कळशीतलं, मी पिते तेच."

सूनबाईचे डोळे पांढरे झाले. तिने बाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "बाई, रोपं... बरी झाली. तांब्याच्या पाण्याने!"

"अगं, ही तर मोठीच बातमी!" बाई म्हणाल्या. "पण तांब्यानेच बरी झाली हे दाखवायचं तर शेजारी आजारी रोपही हवं. एखादं पिवळं उरलंय ना?"

तिघांनी कपांकडे पाहिलं. औषधालासुद्धा पिवळं पान नव्हतं.

"एवढंच ना?" सासूबाईंनी त्यातले अर्धे कप उचलले आणि सासऱ्यांच्या साबणाच्या हातांत दिले. "ही यांना सांभाळायला देऊ. आठवड्यात आजारी पडतील."